बाळाचं घामोळं हटत नाही? घरात काय बदलावं, काय लावू नये आणि दवाखाना कधी गाठावा

आठ-दहा दिवस झाले, पावडर लावून झाली, नारळाचं तेल लावून झालं, शेजारच्या खालाने सांगितलं म्हणून मुलतानी मातीही लावली, तरी बाळाच्या मानेवरचं घामोळं काही हटत नाही. मार्च लागला की आपल्या बहुतेक घरांतून ही तक्रार ऐकू येते. कोकणात आणि मुंबईकडे तर पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पुन्हा एकदा येते.

घामोळं हा काही लावून बरा होणारा आजार नाही. ते गरमीने येतं आणि गरमी हटली की दोन-तीन दिवसांत जातं. त्यामुळे ते आठवडाभर टिकून राहिलं, तर बहुतेक वेळा बाळाच्या अंगाभोवतीची गरमी कमीच झालेली नसते, किंवा आपण जे लावतोय त्यानेच घामाची छिद्रं बुजत असतात. तिसरीही एक शक्यता असते, ते घामोळं नसण्याची. या तिसऱ्या शक्यतेत कधी कधी बाळाच्या जिवाशी गाठ असते, म्हणून तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

घामोळं येतं कसं

तान्ह्या बाळाच्या कातडीतल्या घामाच्या नळ्या अजून पक्क्या झालेल्या नसतात. घाम बाहेर पडायच्या आधीच नळीचं तोंड बुजतं, घाम आत कातडीत साठतो आणि तिथे पुरळ उठतं. अगदी पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाळाच्या कपाळावर, मानेवर, छातीवर दवबिंदूसारखे पारदर्शक बारीक फोड दिसतात. भोवती लाली नसते, बाळाला त्रासही नसतो, आणि हात लागला तरी ते फुटतात. त्यांना काहीही करावं लागत नाही. आपण ज्याला घामोळं किंवा गर्मीदाने म्हणतो ते लाल, टोचणारं पुरळ साधारण त्यानंतर दिसतं. त्यात घाम कातडीच्या जरा खोल थरात अडकलेला असतो, म्हणून आग होते, खाज येते आणि बाळ किरकिर करतं. मानेच्या वळ्या, काख, जांघ, पाठ, टोपीखालचं डोकं, डायपरच्या कमरेची पट्टी, अशा जिथे हवा लागत नाही आणि कापड चिकटून बसतं त्या जागा त्याच्या ठरलेल्या.

सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही हेही लक्षात ठेवावं. पुस्तकातल्या चित्रासारखं लालबुंद दिसेल म्हणून वाट पाहू नये. बोट फिरवल्यावर रव्यासारखं खरखरीत लागतं, त्यावरून जास्त नीट कळतं.

पहिले तीन दिवस

सगळ्यात आधी बाळाचे कपडे कमी करा. उन्हाळ्यात एक सुती झबलं आणि लंगोट बाळाला पुरतो. फार उकडत असेल तर दुपारी नुसता लंगोटही चालतो. दादी म्हणेल, हातपाय गार आहेत, पोराला थंडी वाजतेय. तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही जरा गारच असतात, त्यावरून अंदाज बांधू नये. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावं. तिथे घाम असेल, चिकट लागत असेल, तर बाळाला गरम होतंय.

दिवसातून एकदा, फार घाम येत असेल तर दोनदा, साध्या किंवा अगदी कोमट पाण्याने आंघोळ घाला. आपल्याकडे बाळंतिणीच्या आणि बाळाच्या आंघोळीला कढत पाण्याची सवय आहे. घामोळ्याच्या दिवसांत ती सोडावीच लागते. साबण एकदाच, तोही सौम्य. पाण्यात डेटॉलसारखं जंतुनाशक घालू नका. त्याने स्वच्छता वाढत नाही, उलट सुजलेली कातडी आणखी जळते. बेसन, मसुरीचं पीठ, उटणं, यांनी चोळणं पूर्ण बंद. खाण्याचा सोडा पाण्यात मिसळायचा सल्लाही कुठून कुठून मिळतो. तान्ह्याच्या अंगातून सोडा आत शोषला जाऊन रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडू शकतो, तेव्हा तोही नको.

आंघोळीनंतर पुसायचं नाही, टिपायचं. आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा यासाठी बाजारातल्या कुठल्याही टॉवेलपेक्षा बरा. मानेच्या वळ्या हलकेच उघडून टिपा, कारण दूध ओघळून तिथेच साचतं आणि घामोळ्याच्या जागी पुढे बुरशी धरते. मग पाच-दहा मिनिटं बाळाला उघडंच पंख्याच्या हवेत राहू द्या. वारा थेट तोंडावर न येता खोलीत फिरत असला म्हणजे झालं. फार टोचत असेल तर साध्या पाण्यात पिळलेलं सुती फडकं पाच मिनिटं त्या जागेवर ठेवावं. बर्फ मात्र नाही. बाळाची नखं कापून ठेवा, कारण खाजवून फुटलेलं घामोळंच पुढे पिकतं.

हे तीन दिवस नीट केलं तर साधं घामोळं मावळायला लागतं. जुने दाणे सुकून बारीक पापुद्रा निघतो, नवे येत नाहीत. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि दुसऱ्याच दिवशी काहीतरी लावलं जातं. आमचं म्हणणं, तीन दिवस बाळाच्या अंगाला पाणी आणि हवा याशिवाय काहीही लागू देऊ नये. बहुतेक घरांत एवढ्यानेच काम होतं.

चाळीस दिवसांची खोली

घामोळ्याचं खरं मूळ अनेकदा बाळंतिणीच्या खोलीत असतं. चाळीस दिवस खिडक्या बंद, पंखा बंद, बाळंतीण कान बांधून बसलेली, खाटेखाली शेगडी, संध्याकाळी लोबान आणि ओव्याची धुरी, बाळाला टोपी, मोजे, दुपटं आणि वर गोधडी. ही पद्धत ज्या काळात आणि ज्या हवेत रुजली तिथे तिला अर्थ होता. नवजात बाळाला गारठा बाधतो ही गोष्ट आजही खरी आहे. पण एप्रिल-मे महिन्यात औरंगाबाद, परभणी, अकोल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना तीच खोली बाळासाठी भट्टी होते. कोकणात पारा एवढा चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळतच नाही, आणि घामोळ्यासाठी ते जास्त वाईट.

यात घरातल्या मोठ्यांशी भांडण करून काही साधत नाही. बाळंतीण स्वतः बोलू शकत नाही आणि सासूला वाटतं सुनेला काही कळत नाही. अशा वेळी आशाताईची मदत घ्यावी. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी येऊन बाळ पाहायचं असतं, म्हणजे आपल्या चाळीस दिवसांच्या हिशोबात ती जवळपास पूर्ण बसते. ती आली की बाळाचे कपडे काढून पाठ आणि मान तिला दाखवा, आणि दादीसमोरच विचारा की पंखा लावायचा का. बाहेरच्या माणसाने सांगितलेलं घरात लवकर पटतं, हा अनुभव कुणाला नाही?

खिडकी उघडी ठेवा, पंखा हळू चालू द्या, शेगडी आणि धुरी खोलीबाहेर. धुराचा घामोळ्याशी थेट संबंध नसला तरी नवजात बाळाच्या छातीला तो वाईटच, मग तो लोबानचा असो की ओव्याचा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा जन्मताना वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर कपडे किती कमी करायचे हे आधी डॉक्टरांना विचारा. अशा बाळांचं अंग लवकर गार पडतं आणि त्यांना ऊब खरोखरच लागते.

पत्र्याचं घर, कूलर आणि मेणकापड

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, गोवंडी इथल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना "बाळाला थंड जागी ठेवा" हा सल्ला म्हणजे थट्टाच वाटेल. तरी काही गोष्टी हातात असतात. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन बरंचसं परत फिरतं आणि खोली कमी तापते. पत्र्याखाली तागाची पोती किंवा चटई बांधून मध्ये हवेची जागा ठेवली तरी फरक पडतो. माळ्यावर बाळाला झोपवू नये, गरम हवा वरच साठते. दुपारी बारा ते चार शेजारच्या स्लॅबच्या घरात, खालच्या मजल्यावर बाळाला नेऊन झोपवणं यात कमीपणा कसला?

कूलर कुठे चालतो आणि कुठे नाही हेही समजून घ्यायला हवं. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो, मात्र समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते आणि घामोळं वाढतं. मुंबई, रायगड, रत्नागिरीला कूलरचा उपयोग जवळजवळ नाही, तिथे पंखा आणि उघडी खिडकीच खरी. एसी असेल तर पंचवीस-सव्वीसच्या आसपास ठेवावा, झोत बाळावर येऊ देऊ नये. नोकरीनिमित्त कुवेत, दुबई, कतारला असलेल्या आपल्या कोकणी कुटुंबांत वेगळीच गंमत होते. घरात एसी जोरात, म्हणून बाळाला दोन थर कपडे आणि ब्लँकेट, आणि मग घामोळं त्या ब्लँकेटच्या आतच येतं.

आता अंथरुणाकडे या. बाळाच्या पाठीवरचं घामोळं महिना-महिना जात नाही, त्याचं कारण पुष्कळ घरांत मेणकापड असतं. गादी ओली होऊ नये म्हणून रबराची किंवा प्लास्टिकची शीट घालतात, वर पातळ चादर. बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास त्यावर उताणं झोपतं. पाठीला हवा नाही, घामाला वाट नाही. मेणकापड हवंच असेल तर फक्त ढुंगणाखाली लहान तुकडा ठेवा आणि त्यावर जाड सुती गोधडीची घडी घाला. पाठ आणि डोकं सुती अंथरुणावरच असू द्या. बाळाला उताणंच झोपवायचं, घामोळ्यासाठी पालथं घालायचं नाही. पालथ्या झोपेत तान्ह्याचा श्वास अडकण्याचा धोका असतो.

साडीची झोळी खोल असते आणि कापड चारी बाजूंनी बाळाला लपेटतं. दुपारच्या झोपेसाठी ती टाळा. पाळण्यावर माश्या नकोत म्हणून टाकलेली जाड चादर किंवा प्रवासात बाळावर ओढलेली ओढणी, बुरख्याचा पदर, यानेही आतली हवा झपाट्याने तापते. माश्या-डासांसाठी जाळीची मच्छरदाणी बरी. डायपर चोवीस तास नको. दिवसा घरी असताना लंगोट, रात्री किंवा बाहेर जाताना डायपर, असा व्यवहारी तोडगा बऱ्याच आया काढतात आणि तो चांगला आहे.

काय लावायचं नाही

पावडरपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात निरुपद्रवी वाटते. मानेच्या वळीत पावडर आणि घाम मिळून लगदा होतो आणि छिद्रं आणखी बुजतात. दुसरं, पावडरचे बारीक कण बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जातात, म्हणून बालरोगतज्ज्ञ ती न वापरण्याचाच सल्ला देतात. मोठ्यांसाठीची घामोळ्याची पावडर तर तान्ह्याला अजिबात लावू नये. तिच्यात मेंथॉल, सॅलिसिलिक आम्ल, काहींत बोरिक आम्ल असतं. थंड थंड वाटतं म्हणून आपण ती लावतो, पण लहान बाळाच्या कातडीतून, त्यातही फुटलेल्या कातडीतून, ही द्रव्यं अंगात शोषली जातात. बोरिक आम्लाने पूर्वी बाळांना विषबाधा झालेली आहे. कापूर घातलेलं तेल किंवा छातीला चोळायचा बाम, हेही त्याच यादीत. कापराने बाळाला झटके येऊ शकतात.

तेलाचा विषय नाजूक आहे. मालिश बंद म्हटलं की घरात कुणालाच आवडत नाही. मालिशला आमचा विरोध नाही, पण अंगावर घामोळं असताना तेलाचा थर म्हणजे बुजलेल्या छिद्रांवर आणखी एक झाकण. घामोळं जाईपर्यंत तेल पूर्ण थांबवा. नंतर सुरू करताना थोडं नारळाचं तेल, आंघोळीच्या आधी, आणि आंघोळीत ते धुऊन निघालं पाहिजे. राईचं तेल उन्हाळ्यात नकोच, ते कातडीला झोंबतं. व्हॅसलीन आणि जाड क्रीमचंही तेच.

मेहंदीबद्दल आपल्या वाचकांना विशेष सांगायला हवं. "अंगातली गर्मी उतरते" म्हणून तान्ह्याच्या तळपायाला, टाळूला मेहंदी लावायची पद्धत आपल्या अनेक घरांत आहे. मोठ्या माणसाला तिने काही होत नाही. पण काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला मेहंदी लावली तर तिच्यातला रंग कातडीतून आत जातो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. बाळ पिवळं पडतं, लघवी गडद होते, आणि ते जिवावर बेतू शकतं. हा दोष मुलग्यांत जास्त आढळतो आणि बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून तान्ह्याला मेहंदी नको, हौसेची नको आणि इलाजाचीही नको. बाजारातल्या काळ्या मेहंदीत केस रंगवायचं रसायन असतं, तिने तर धडधाकट माणसालाही फोड येतात. डांबराच्या गोळ्यांचाही जी-सिक्स-पी-डी कमी असलेल्या बाळाला तसाच धोका. पेटीतून काढलेले कपडे, गोधड्या धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला वापरू नका.

मुलतानी माती आणि चंदनाचा लेप लावल्यावर थंड वाटतं, यात खोटं काही नाही. पण लेप वाळला की कातडी ओढली जाते, काढताना घासावं लागतं, आणि माती स्वच्छ असेलच याची खात्री कोण देणार? कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी गाळून, गार करून अंगावर घातलं तर सहसा नुकसान होत नाही, पण त्याने घामोळं लवकर जातं असंही नाही. बरं वाटतं ते गार पाण्यानेच. कडुलिंबाचं तेल मात्र बाळाच्या आसपासही नको, तोंडात गेलं तर ते विषारी ठरतं. कॅलामाइन लोशन खाज कमी करतं. ते वापरायचं तर डॉक्टरांना विचारून, पातळ, न फुटलेल्या कातडीवर आणि तोंड-डोळे सोडून.

मेडिकलवाल्याला "काहीतरी पुरळाचं द्या" म्हटलं की मिळणाऱ्या ट्यूबचा धोका या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. त्यात अनेकदा क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे जोरकस स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं. दोन दिवसांत लाली जाते, घरचे खूश होतात, बंद केलं की दुपटीने परत येते, मग पुन्हा ट्यूब. बाळाची कातडी पातळ होत जाते, औषध रक्तात उतरतं आणि वाढीवरही परिणाम होऊ शकतो. अशी मलमं लोक सर्रास स्वतःच विकत घेत होते, म्हणून 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा बदल केला. तरी दुकानात ती सहज मिळतात. ट्यूबवरचं नाव वाचा, कळत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. मोठ्या भावाला किंवा अब्बांना दिलेली जुनी ट्यूब बाळाला तर कधीच नको.

पाणी पाजायचं का

गरमी म्हटलं की पाणी, बडीशेपेचं पाणी, ग्लुकोज, सब्जा, अर्क असं काहीतरी बाळाला चमच्याने दिलं जातं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. फक्त जास्त वेळा पाजायचं, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यायचं. रमजान उन्हाळ्यात आला तर दूध पाजणाऱ्या आईला, तिला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तेव्हा, रोजे पुढे ढकलण्याची सवलत शरीयतने दिलेलीच आहे. घरच्यांनी तिला ती मोकळेपणाने घेऊ द्यावी. बाळाला चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय आणि ती पिवळीगर्द नाही, म्हणजे पाणी पुरेसं मिळतंय.

आईच्या खाण्यातल्या "गरम" पदार्थांनी बाळाला घामोळं येतं, हा समज मात्र बिनबुडाचा आहे. अंडी, मटण, खजूर बंद करून बाळंतिणीला उपाशी मारू नका.

अकीका, ईदचे कपडे, गळ्यातला दोरा

सातव्या दिवशी अकीक्याला जावळ काढतात. टाळूवर घामोळं उठलेलं असेल, विशेषतः पिवळ्या पुळ्या असतील, तर वस्तरा फिरल्यावर ते सगळीकडे पसरू शकतं. सातव्या दिवशी नाही जमलं तर चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी करण्याचा रिवाज आपल्याकडे आहेच, तेव्हा घाई नको. ज्या दिवशी कराल त्या दिवशी नवीन ब्लेड, हज्जामाचे हात साबणाने धुतलेले, आणि नंतर डोक्यावर साधं पाणी. तेल, हळद, केशर-चंदन असं काही नको. जावळ गेल्यावर डोक्याला हवा लागते आणि टाळूवरचं घामोळं आपसूक कमी होतं. फक्त त्यावर लगेच घट्ट टोपी चढवली तर काय उपयोग?

ईदला जरीचा, नायलॉनच्या जाळीचा फ्रॉक, शेरवानी, सगळं हौसेने घातलं जातं. फोटो काढा, भेटीगाठी करा, तासाभराने बदला, आणि आत सुती झबलं असू द्या. नवे कपडे आधी धुवून घ्यावेत. गळ्यातला काळा दोरा, ताविजाची चामडी पेटी यांच्याखाली घाम साठून तेवढ्याच जागी घामोळं राहतं. शिवाय गळ्यातल्या दोऱ्याने फास बसण्याची भीती असते. तो बाळाच्या अंगावरून काढून हाताबाहेर उंच जागी ठेवला तर घरच्यांचं मनही राखलं जातं आणि बाळाचा गळाही मोकळा राहतो.

ते घामोळं नसेल तर

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडी भागात ती सगळ्यात आधी आणि जोरात दिसली, नंतर भिवंडी, मालेगावातही रुग्ण आढळले. लहान मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. गोवर म्हणजे खसरा. त्याचं पुरळ पहिल्या दिवशी घामोळ्यासारखं वाटू शकतं, पण त्याची चाल वेगळी असते. आधी तीन-चार दिवस चढा ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल. मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ सुरू होऊन खाली अंगभर उतरतं. घामोळ्याने ताप, खोकला, लाल डोळे होत नाहीत. अशा बाळाला घरात धुरी देत, पडदे लावून ठेवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि इतर बाळांपासून लांब ठेवा. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. घामोळ्यामुळे लस पुढे ढकलायची गरज नसते.

खरूजही घामोळं समजून आठवडेच्या आठवडे राहते. बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर, बोटांच्या बेचक्यांत दाणे असतील, रात्री जास्त रडत असेल आणि घरात आणखी कुणाला रात्री खाज येत असेल, तर ती खरूज समजावी. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं, नाहीतर ती फिरून येते. जांघेत किंवा मानेच्या वळीत ओलसर लालभडक डाग आणि त्याच्या कडेला सुटे सुटे ठिपके असतील तर बुरशी, तिला वेगळं मलम लागतं. गालांवर, कोपरा-गुडघ्यांवर कोरडी, खडबडीत, वारंवार येणारी खाज ही बहुधा इसब असते, आणि ती थंडीतही जात नाही.

वाट पाहू नये अशी चिन्हं

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुरळासोबत ताप असेल तर घरचा इलाज थांबवा. उन्हाळ्यात जास्त लपेटल्यानेही अंग तापतं, म्हणून कपडे काढून, हवेशीर जागी पंधरा-वीस मिनिटं ठेवून काखेत थर्मामीटर लावा. तरीही 99.5 किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि पहिल्यांदाच 100.4 किंवा वर दिसला तर ही पंधरा मिनिटंही थांबू नये. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, नेहमीपेक्षा वेगळं कण्हतंय, श्वास जोरात चाललाय, यातलं एकही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते.

पुळ्यांत पू धरलाय, भोवतीची लाली पसरतेय, जागा गरम आणि दुखरी लागतेय, मधासारख्या पिवळ्या खपल्या बसतायत, काखेत किंवा मानेत गाठी आल्यात, तर जंतुसंसर्ग झालेला असतो. एक महिन्याच्या आतल्या बाळाला दोन-चार पिकलेल्या पुळ्या दिसल्या तरी दाखवून घ्यावं. त्या सुईने फोडायच्या नाहीत. आणखी एक तपासणी घरी जमते. काचेचा साधा पेला पुरळावर दाबून आरपार पाहा. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी पडते. ठिपके लाल-जांभळेच राहिले तर तो कातडीखालचा रक्तस्राव असू शकतो, तेव्हा थेट मोठं रुग्णालय.

यातलं काहीच नसेल, बाळ हसतं-पितं-झोपतं असेल, पण वर सांगितलेले बदल करूनही तीन-चार दिवसांत दाणे कमी होत नसतील, तर ओपीडीत दाखवा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या वस्तू पिशवीत घालून न्या. पावडरचा डबा, तेलाची बाटली, मेडिकलची ट्यूब, हकीमसाहेबांची पुडी, सगळं. रागावतील म्हणून त्यातलं काही लपवू नका, कारण स्टेरॉइड लावलेलं पुरळ वेगळंच दिसतं आणि ते माहीत नसेल तर डॉक्टरांचाही अंदाज चुकतो. पुरळ पहिल्या दिवशी कसं होतं याचा उजेडात काढलेला फोटो असेल तर तोही दाखवा, आणि त्या सकाळी बाळाच्या अंगाला काहीही न लावता न्या.